भाटाच्या वहीतली कुसुम

नवापूर

नवापूर स्टेशनावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात येतो आणि अर्धा गुजरातेत. लोक त्यावर बसून फोटो काढतात. मी उतरलो तेव्हा एक कुटुंब तिथे हसत बसले होते, नवरा एका राज्यात आणि बायको दुसऱ्यात.

माझी बायको कुसुम बेचाळीस वर्षांपूर्वी याच स्टेशनावरून सुरतेच्या गाडीत बसली. ती तेव्हा बावीस वर्षांची होती. सुरतेला एम. ए. करत असताना तिथल्या ग्रंथालयात तिची माझी ओळख झाली होती. मी तिथे सहायक होतो, मूळचा सातारकर, वेगळ्या जातीचा. घरच्यांनी तिचे शिक्षण थांबवून स्थळ पाहायला घेतले, तेव्हा ती एक पिशवी घेऊन निघाली. पुढे एकदा मी विचारले होते, "त्या बाकावर बसली होतीस का?" ती म्हणाली, "बसते कसली! गाडी येईपर्यंत संडासाच्या भिंतीमागे उभी होते."

संडास अजून आहे. मी बाकाऐवजी तो पाहून आलो.

कुसुमला जाऊन चौदा महिने झाले. आम्हाला मूल नाही. ती गेली तेव्हा तिच्या भावाला, हिरालालला, मी कार्ड टाकले होते. उत्तर आले नाही. मीही पुन्हा लिहिले नाही. यंदा माघात मात्र हिरालालच्या बायकोचा, माझ्या वहिनींचा, फोन आला. त्यांना मी कधी पाहिले नव्हते, आवाजही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या एवढेच म्हणाल्या, "पाव्हना, घरमा भाट येणार शे. तुम्ही या." आणि फोन ठेवला.

स्टेशनाबाहेर गाडीवर आम्लेट-पाव खाल्ला. या गावात कोंबड्यांचा धंदा मोठा. रस्त्यावरून पिंजऱ्यांचे ट्रक जातात आणि मागे पांढरी पिसे तरंगत राहतात. एक पीस माझ्या चहात पडले. गाडीवाल्याने ते बोटाने काढून टाकले आणि कप पुन्हा माझ्यापुढे ठेवला. मी प्यालो.

विसरवाडी

विसरवाडीला नंदुरबारची बस बदलायची होती. ती दोन तास आली नाही. फाट्यावर ट्रकांची रांग, भज्यांचा वास आणि सावलीला बसलेली माणसे. मी पिशवीतून कुसुमची वही काढली.

कुसुम साताऱ्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. निवृत्तीनंतर आणि त्याआधीची काही वर्षे धरून नऊ वर्षे ती कॅरिबियन बेटांवरच्या लेखकांच्या लघुकथा मराठीत आणत होती. अकरा कथा पूर्ण झाल्या. एकही छापली गेली नाही. एका संपादकांनी तिला सांगितले, "बाई, ही बेटे कुठे आहेत हेच आपल्या वाचकाला ठाऊक नाही. त्याला त्यांचे काय?" ती घरी येऊन पुढच्या कथेला बसली. मी बोललो, आणि बराच वेळ बोललो. त्या संपादकांचा राग मला अजून आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या बेटांवर गोऱ्या मळेवाल्यांनी ऊस लावला. आधी आफ्रिकेतून माणसे धरून आणली. गुलामगिरी बंद झाल्यावर आपल्या देशातून मजूर करारावर नेले. त्यांची नातवंडे-पतवंडे तिथे जन्मली, इंग्रजीत लिहू लागली, आणि त्यांतले कितीतरी पुढे लंडनला, कॅनडाला गेले. म्हणजे एकाच घरात दोन-दोन, तीन-तीन ताटातुटी. त्यांच्या कथांत जो तो एका गावाची आठवण काढतो, आणि ते गाव त्यांतल्या एकानेही पाहिलेले नसते. एका कथेतली आजी आपल्या मूळ गावाचे नाव विसरली आहे, पण नातवंडांचा हिरमोड नको म्हणून दरवर्षी एक नवे नाव सांगते. ती गेल्यावर नातू तेवढी सगळी गावे शोधायला निघतो.

कुसुम म्हणायची, "हे मला कुणी समजावून सांगायला नको." तिचे माहेर गुजर. या लोकांचे पूर्वज कधीकाळी गुजरातेतून तापीकाठी आले, इथेच ऊस, कापूस, केळी लावून मोठे झाले. तरी लग्नातल्या गाण्यांत अजून गुजरातेतली गावे येतात. "माझ्या माहेरी सगळे आठवणीवर जगतात," ती म्हणायची. "फक्त आठवणीत कुणाला ठेवायचे हे बाप्ये ठरवतात."

वहीतली पहिली कथा मी फाट्यावर पुन्हा वाचली. एक तरुण विधवा कुणाला न सांगता बोटीवर चढते. इकडे गावात तिचे दिवस करून टाकतात. बऱ्याच वर्षांनी तिचे पत्र येते, तेव्हा ते कुणी उघडत नाही. मेलेल्या माणसाचे पत्र उघडायचे कसे? या एका कथेचे कुसुमने चार खर्डे केले होते. शेवटच्या खर्ड्यात तिने शेवट गाळला होता आणि पुन्हा लिहिला होता. मला वाटायचे, वाक्ये अवघड असतील.

शेजारी सातपुड्यातले एक कुटुंब बोचकी घेऊन बसले होते. गुजरातेत ऊसतोडीला गेले होते, आता होळीसाठी वर काठीकडे निघाले होते. काठीची होळी मोठी. तिच्यासाठी माणसे असतील तिथून परततात. त्यांतल्या वयस्कर बाईने मराठीत विचारले, "काय वाचतो, मास्तर? एवढा रडका तोंड करून?"

मी तिला गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकली, मग आपल्या बोलीत घरच्यांना सांगितली. सगळे हसायला लागले.

"हसता का?" मी विचारले. "तुमच्यातला कुणी होळीला आलाच नाही तर काय म्हणता?"

"म्हनतो, अडकला. मुकडदमाने सोडला नाय."

"चार वर्षे आला नाही तर?"

"मंग म्हनतो, लई अडकला." ती म्हणाली. "मेला म्हनायला आधी मराय नको का, मास्तर?"

तिने मला फडक्यातला गूळ दिला. त्यांची जीप आली आणि ते टपावर-बिपावर बसून गेले. मी गूळ खात बसून राहिलो. या बाईला ही गोष्ट विनोदी वाटली याचे मला नवल वाटत होते.

तापीकाठ

नंदुरबार सोडताना बस मिरचीच्या पथाऱ्यांजवळून गेली. जमिनीवर शेतेच्या शेते वाळत घातलेली लाल मिरची. डोळ्यांना सुंदर दिसते आणि लगेच नाकात जाते. मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. कंडक्टर म्हणाला, "बाबा, नवा दिसतोस. आमनं नाक मरी जायेल शे."

कुसुमच्या गावाचे नाव मी लिहीत नाही. वहिनींना तिथेच राहायचे आहे. शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एवढे पुरे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, बांधावर पपई, आणि घराघरांवर सौरऊर्जेचे बंब.

हिरालाल कुसुमपेक्षा दोन वर्षांनी लहान. उंच, पांढरा सदरा, हात शेतातले. "या पाव्हना. परवास बरा व्हयना ना?" एवढे बोलून तो मंडपवाल्याशी बोलायला गेला. धाकट्या मुलाचे लग्न नऊ दिवसांवर होते, घराला रंग चालला होता. लग्नाआधी वही वाचून घ्यावी म्हणूनच भाटाला बोलावले होते.

मला चहा कपबशीत आला. घरातले बाकी सगळे स्टीलच्या पेल्यांतून पीत होते. कुसुमच्या वहीत एक कथा आहे, लंडनहून बेटावर परतलेल्या माणसाची. मावशी त्याला कपाटातला चांगला कप काढून देते, आणि त्याला कळते की आपण आता पाहुणे झालो. ती वाचताना मी त्या माणसाला हळवा म्हटले होते. ते शब्द परत घेतो.

जेवायला दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि ठेचा. आमच्या साताऱ्याकडची भाकरी पातळ, ही जाड आणि मऊ. कुसुम एकेचाळीस वर्षे माझ्या घरी पातळ भाकरी करत राहिली आणि दर वेळी म्हणत राहिली, "कागद आहे हा." मी ते चिडवणे समजायचो. पहिल्या घासाला मला कळले की ती नुसती खरे सांगत होती.

हात धुताना मधल्या खोलीतल्या भिंतीत एक कोनाडा दिसला. त्यात शेंदूर लावलेला दगड, लहानशी लाल चुनडी आणि हिरव्या बांगड्या. मी विचारले, "हे कुणाचे ठाणे?"

वहिनी पाणी घालत होत्या. साठीला टेकलेल्या, बुटक्या, डोक्यावर पदर. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "घरनी कुंवारी शे ती. लगीन व्हवाना आगोदर मरेल आंडेर. दिवाळीले दिवा लावतस, बांगड्या ठेवतस."

आंडेर म्हणजे मुलगी, एवढे कुसुममुळे मला ठाऊक होते. "कोण होती?"

"उद्या भाट सांगी," त्या म्हणाल्या आणि तांब्या उचलून आत गेल्या.

वहीचा दिवस

ज्यांच्या घरी भाट नाही, त्यांना हे सांगायला हवे. माझ्याही घरी नाही. पणजोबांच्या पलीकडचे एक नाव मला ठाऊक नाही. या लोकांकडे मात्र दर काही वर्षांनी भाट येतो. त्याच्याजवळ घराण्याची वही असते, तो तिला चोपडा म्हणतो. तिची पूजा होते. मग तो कुळाच्या मूळपुरुषापासून सगळी नावे वाचतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावे भरतो, आणि पुढच्या गावी जातो. पुरुष ओसरीत बसतात. बायका मधल्या दाराआड.

मी पहिली चूक सकाळीच केली. भाट आंघोळीला गेला होता आणि त्याची वही खाटेवर उन्हात पडली होती. हातभर लांब, लाल कापडात बांधलेली, कडा झिजलेल्या. पस्तीस वर्षे ग्रंथालयात काढलेला माणूस जुना कागद उन्हात पडलेला पाहू शकत नाही. मी ती उचलून सावलीत नेली. नेताना सवयीने कणाही चाचपला.

ओसरीत आरडाओरडा झाला. वही भाटाशिवाय कुणी उचलायची नसते, तीही पूजेआधी तर नाहीच. भाट ओल्या अंगाने धावत आला. साठीचा, कानात बाळ्या, राजस्थानकडून गुजरातमार्गे फिरत आलेला, बोली सगळ्यांची मिसळ. त्याने नारळ फोडायला लावला आणि मला म्हणाला, "साहेब, ये लाइब्रेरी की किताब नहीं. इसमें सात गाँव के बाप-दादा बैठे हैं. आपने सबको उठाके छाँव में डाल दिया."

"उन्हाने कागद जातो," मी म्हणालो.

"बाप-दादा को धूप नहीं लगती," तो म्हणाला. सगळे हसले, हिरालालही. मला ते हसू बरे वाटले. त्यानंतर त्या ओसरीत मला काही बरे वाटले नाही.

वाचन सुरू झाले. त्याचा आवाज चांगला होता. नाव, त्याचे मुलगे, त्यांच्या बायका, बायकांची माहेरची गावे. बायका येतात त्या सुना म्हणून. एखाद्या सुनेचे नाव आले की दाराआड बांगड्या हलायच्या. नंतर वहिनींनी सांगितले, लग्नानंतर बाईला नावाने कुणी हाक मारत नाही. आई वारली की ते नाव संपलेच. वहीचे वाचन हीच एक वेळ, जेव्हा भर ओसरीत स्वतःचे नाव ऐकायला मिळते. म्हणून म्हाताऱ्या सुद्धा त्या दिवशी कामे सोडून दाराशी बसतात. एक नाव ऐकण्यासाठी चार-चार, पाच-पाच वर्षे! हे मी शांतपणे लिहू शकत नाही.

मुली वहीत येत नाहीत. त्या जिथे दिल्या, तिथल्या वहीत सून म्हणून येतात. कुसुम माझ्याकडे आली, आणि माझ्या घराला वही नाही. तेव्हा ती कुठेच नसणार हे मी धरून चाललो होतो. तिच्या वडिलांचे नाव आले, तेव्हा मी फक्त ऐकत होतो.

भाट वाचत गेला. वडील, त्यांची बायको, बायकोचे गाव, बेटा हिरालाल. मग त्याच सुरात: "बेटी एक, कुसुम. बाईस बरस की उमर. कुंवारी गुजर गई."

मी म्हणालो, "पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचले. लग्नाआधी वारलेली मुलगी दुसऱ्या कुठल्या वहीत जाण्याचा प्रश्न नसतो, म्हणून ती बापाच्या वहीत येते. तेवढीच येते. कुसुम पळून गेल्यावर तिच्या वडिलांनी घरादाराला तिच्या नावाने आंघोळ घातली, पुढच्या वाचनाला भाटाला तसे लिहायला सांगितले, आणि भिंतीत कोनाडा केला. ज्या वर्षी आम्ही साताऱ्यात दोन खोल्या घेतल्या, तिने पहिला पगार आणला, त्या वर्षी इथे तिच्यापुढे बांगड्या ठेवल्या जात होत्या.

बोटीवर चढलेल्या विधवेची, फाट्यावरच्या बाईला विनोदी वाटलेली ती गोष्ट आणि तिचे चार खर्डे मला तेव्हा कळले. कुसुमला हे ठाऊक असले पाहिजे. तिने मला कधी सांगितले नाही. सांगितले असते तर मी तेव्हाच इथे आलो असतो आणि आजच्यापेक्षा वाईट बोललो असतो.

"हे खोटे आहे," मी म्हणालो. "ती त्रेसष्ट वर्षे जगली. चौदा महिन्यांपूर्वी माझ्यासमोर गेली. मी कार्ड टाकले होते."

"कार्ड भेटनं व्हतं," हिरालाल म्हणाला.

"मग?"

"मंग काय, पाव्हना? आम्हनी आंघोळ तं कव्हयच व्हई जायेल शे. एक मानूसनी दोनदाव आंघोळ करतस का?"

तो हे उर्मटपणे म्हणाला नाही. नियम सांगावा तसे म्हणाला. त्याचाच मला जास्त संताप आला. मी उठून उभा राहिलो आणि त्या बेटांवर गेलेल्या मजुरांचे सांगू लागलो. त्यांना नेणारा बंदरावरचा कारकून काही धर्मात्मा नव्हता. तो जनावरे मोजावी तशी माणसे मोजत होता. पण त्याच्या कागदावर बाईचे नाव असायचे, बापाचे नाव असायचे, गाव, वय, अंगावरची खूण असायची. आज तिची पणती त्या कागदावर बोट ठेवून म्हणू शकते, ही माझी. मजूर विकत नेल्यासारखा नेणारा माणूस जे लिहितो, ते सख्ख्या बापाला लिहिता येऊ नये? आणि वर जिवंत मुलीला मेली म्हणून लिहावे?

ओसरीतल्या कुणाला यातले काय समजले, ठाऊक नाही. भाटाला समजले. तो म्हणाला, "साहेब, चोपडे में लिखा हुआ काटते नहीं. उसके नीचे लिख सकते हैं. पर घर का कर्ता बोले तभी."

सगळे हिरालालकडे बघू लागले.

"नही जमाव," तो म्हणाला. "कुसुम मागला साल वारनी असं लिखं, तं घरले सुतक लागी. नऊ दिवसवर लगीन शे. पोऱ्यानं लगीन मोडू का मी?"

"एवढेच कारण आहे?"

"लहान कारण शे का ते?"

एक चुलता म्हणाला, तीन दिवसांचे सुतक. दुसरा म्हणाला, बहिणीचे दहा. मुहूर्त, हळद, आचारी, मंडप यांची चर्चा सुरू झाली. माझ्या बायकोचे जगणे त्या चर्चेत आचाऱ्याच्या तारखेखाली गेले. मी चपला शोधू लागलो. इथे एक घोट पाणीही पुन्हा प्यायचे नाही, असे मी ठरवले होते.

तेव्हा मधले दार उघडले आणि वहिनी ओसरीत आल्या. वाचन चालू असताना सून पुरुषांत येत नाही. त्या आल्या, आणि भाटाच्या खाटेसमोर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर होता, पण आवाज खाली नव्हता.

"सुतक लागत नही," त्या म्हणाल्या. "वरीस उलटी गयं. वरीसना नंतर समजनं तं नुसती आंघोळ. डोकावरतीन पानी लिन्हं का बस. भटजीले इचारी लिन्हं मी." मग नवऱ्याकडे वळून, "कार्ड ऊनं तव्हय मी वाचं. तव्हयच पाव्हनाले फोन करती, तं तुम्ही सुतक पुढे करतात. म्हनीसन वरीस व्हवानी वाट देखी."

"तू मधमा बोलू नको," हिरालाल म्हणाला.

"पस्तीस वरीस बोलनू का? लगीन करीसन ऊनू तव्हय सासूनी सांगं, हाई आम्हनी मरेल आंडेर. मी दिवा लावा. बांगड्या भरात. मन्हा पोरेसना ताप उतारा म्हनीसन नवस करात तिले. आनि ती तठे कालेजमा शिकाडी ऱ्हायंती! जित्ती बाईले दिवा लावा मी. ते पाप कोना माथे, सांगा बरं?"

एका चुलत्याने खोकून घेतले.

"तुमना बापनी लिखाडं ते लिखाडं," वहिनी म्हणाल्या. "बाप मरना त्याले वीस वरीस व्हयनात. मंग तीनदाव चोपडा वाचा गया आठे. तिन्ही दाव तुम्ही आयकं, आनि गप बठनात."

हिरालाल उठला, मला वाटले आत जाईल. तो ओसरीवरून उतरला आणि घरामागच्या केळीच्या बागेकडे चालू लागला. कुणी त्याच्या मागे गेले नाही. मी गेलो. मला पाहायचे होते.

बागेच्या कडेला मोटारीचे घर आहे. त्याने बटण दाबले. जाड पाइपातून पाणी हौदात पडू लागले. सदरा, धोतर, मनगटावरचे घड्याळ, सगळ्यासकट तो पाइपाखाली बसला. पाणी जोराचे होते, त्याचे डोके खाली दाबले जात होते. तो तसाच बसून राहिला. मला दया यायला हवी होती. मला एवढेच वाटत होते की हे पाणी माझे कार्ड आले त्या वेळीही इथेच होते, हा पाइपही असेल, आणि बटण दाबायला काही लागत नाही.

आम्ही परतलो तेव्हा भाटाने दौत उघडून ठेवली होती. हिरालाल दारातूनच म्हणाला, "लिखा."

भाटाने आधीच्या ओळीखाली बोरू टेकवला. "कहाँ ब्याही?"

"सातारा," मी म्हणालो.

"आपका कुल? गोत?" मी सांगितले. "संतान?"

"नाही."

"काम क्या करती थी?" हे त्याने स्वतःहून विचारले, मग थांबला. "बाइयों का काम लिखने का रिवाज नहीं है हमारा."

"शिकवायची," मी म्हणालो. "आणि परक्या देशातल्या गोष्टी मराठीत आणायची."

तो लिहावे की नाही असा बोरू धरून बसला. दाराआडून वहिनी म्हणाल्या, "शाई सुकी ऱ्हायनी, महाराज." त्याने लिहिले. त्याची लिपी मला वाचता येत नाही, म्हणून मी त्याला मोठ्याने वाचायला लावले. त्याने वाचले, आणि दाराआड बांगड्या हलल्या. एकीच्या नाही, सगळ्यांच्या.

परत

दुसऱ्या दिवशी निघालो. वहिनींनी फडक्यात चार भाकरी बांधून दिल्या आणि विचारले, "कुसुमबाई दिसाले कशा व्हत्यात?" माझ्याजवळचा फोटो मी त्यांना देऊन टाकला. कोनाड्याचे काय करणार, हे मी विचारले नाही.

हिरालाल मला मोटारसायकलवरून फाट्यापर्यंत सोडायला आला. त्याच्या घड्याळात पाणी गेले होते, तो ते पुन्हा पुन्हा कानाला लावत होता. बस दिसली तेव्हा त्याने विचारले, "पाव्हना, कुसुम मन्ही आठवन काढे का कव्हय?"

हा प्रश्न विचारायला त्याने चौदा महिन्यांपूर्वी एक कार्ड टाकले असते तर चालले असते. वीस वर्षांपूर्वी बाप गेल्यावर विचारला असता तर ती स्वतः उत्तर द्यायला होती. मी म्हणालो, "नाही." आणि बसमध्ये चढलो.

ते खोटे होते. मला त्याची लाज वाटत नाही, पण कुसुमविषयी एका ठिकाणी खोटे लिहिलेले दुरुस्त करून आल्यावर दुसरे मागे ठेवणे बरे नाही. हिरालाल सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला आहे, त्याला हे वाचता येईल. शेवटच्या आठवड्यात कुसुमला माणसे ओळखू येईनाशी झाली होती. तिने मला दोनदा "हिरा" म्हणून हाक मारली. एकदा पाणी मागितले, एकदा नदीत पुढे जाऊ नकोस म्हणून रागावली. दोन्ही वेळा मी ओ दिली.